डाव्या हाताचा तळवा

अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, हात मोडला त्या वर्षी मी बिदरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. त्यामुळं सुट्टीत गावी गेलो की शेजारीपाजारी मला काहीही विचारायचे, बैलाच्या खुरापासून रेडिओपर्यंत. मला बहुतेक गोष्टी माहीत नसायच्या, आणि तसं सांगायचा धीरही नसायचा. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझ्या शिक्षणाचा वाटा फार थोडा आहे. ज्यांचा मोठा आहे त्यांच्याबद्दल लिहायचं आहे.

आमचं गाव औराद तालुक्यात, चिंताकीकडं जाणाऱ्या रस्त्यावर. संक्रांतीच्या सुमारास अप्पा कडब्याच्या उंच रचलेल्या बणमीवर चढून वरच्या पेंढ्या खाली टाकत होते. रात्रीच्या दवानं कडबा निसरडा झालेला. पाय सरकला आणि ते डाव्या हातावर पडले. हात मनगटाच्या जरा वर वाकडा झाला. त्यांनी स्वतःच तो उजव्या हातात धरला, चालत घरी आले आणि अव्वाला, माझ्या आईला, म्हणाले, "चाचाला बोलीव. आन् आधी बैलांना पाणी दाव."

चाचा म्हणजे आमच्या भागातले हाडं बसवणारे. पांढरी दाढी, बारीक अंग, पण बोटं अशी की दुखणाऱ्या जागेवर नेमकी जाऊन थांबायची. चार-पाच गावांतली मोडलेली हाडं त्यांच्याकडं यायची. कुणाकडून काही मागायचे नाहीत. कुणी शेरभर तूर दिली तर घ्यायचे. त्यांनी अप्पांचा हात ओढून सरळ केला, उडदाचं पीठ आणि अंड्याचा पांढरा बलक यांचा लेप दिला, वर बांबूच्या कामट्या बांधल्या आणि हात पोटाशी धरून गळ्यात अडकवला. अप्पांच्या तोंडून आवाज निघाला नाही. चाचा म्हणाले, "रो लेव अण्णा, कोई नै देख रहा." अप्पा म्हणाले, "तू बघायलास की."

"शिवरात्र के अंदर छोडतूं," असं चाचांनी कबूल केलं होतं आणि तसंच झालं. शिवरात्रीच्या आधी चार दिवस त्यांनी कामट्या सोडल्या. त्यांची एक परीक्षा असायची. आधी मूठ आवळून दाखवायची, मग भरलेला तांब्या, मग भरलेली घागर, आणि शेवटी सदऱ्याच्या गुंड्या आपल्या आपण लावायच्या. अप्पांनी सगळं केलं. घागर तर त्यांनी उचलून अंगणातून पार चुलीपर्यंत नेली. बघायला आलेल्या माणसांनी चाचांचं कौतुक केलं. मनगटाच्या मागं, करंगळीच्या बाजूला एक उंचवटा राहिला होता. चाचांनी तो दाबून पाहिला आणि म्हणाले, हाड नवीन आहे, बसेल हळूहळू. मी तेव्हा बिदरला होतो. अव्वानं हे सारं नंतर सांगितलं.

उगादीला, म्हणजे पाडव्याला, मी गावी आलो. इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्या घरात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग असतं. सकाळी आंघोळ करून कपाळाला विभूती लावली की ते डबीतून काढायचं आणि डाव्या तळहातावर ठेवायचं. तळवा वर करून हात छातीसमोर धरायचा. उजव्या हातानं पाणी, विभूती, बेलाचं पान वाहायचं आणि मग त्या लिंगाकडं एकटक बघत बसायचं. त्यासाठी देवळात जावं लागत नाही, मूर्ती लागत नाही. डावा तळहात हीच त्याची जागा. ते हातातून जमिनीवर पडणं म्हणजे जुन्या माणसांना आपलाच जीव गळून पडल्यासारखं वाटतं. अप्पा रोज भिंतीकडं तोंड करून, अंगावर उपरणं घेऊन पूजेला बसायचे. त्या वेळी त्यांच्यासमोर कुणी जात नसे.

उगादीच्या सकाळी मी कडुनिंबाचा डहाळा आणायला परसात गेलो. परत येताना मागच्या खिडकीतून आत नजर गेली. अप्पांनी लिंग उजव्या तळहातावर धरलं होतं आणि डाव्या हातानं बेलाचं पान वाहत होते. पान वाहिल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. पूजेत डोळे मिटलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"कामून उभारलास रं तिथं?" अव्वानं मागून विचारलं.

"अप्पा उजव्या हातात धरायलेत."

"मला ठावं हाय." तिनं डहाळा माझ्या हातातून घेतला. "तू बघितलास म्हणून सांगू नको त्येंना. म्हैना झाला, धड जेवंना गेलेत."

मी गप्प राहायला हवं होतं. पण दुपारी शेतात अप्पांना विचारून बसलो.  त्यांनी दोन्ही हात पुढं केले आणि तळवे वर वळवले. उजवा सरळ आभाळाकडं वळला. डावा अर्ध्यात थांबला, अंगठा वर करून, कुणाचा हात हातात घ्यायला पुढं करावा तसा. पुढं रेटायला गेले तर कोपर बरगडीत घुसलं आणि खांदा वाकडा झाला, पण तळवा होता तिथंच राहिला.

"पहिल्या दिवशी तसंच धरलो," ते म्हणाले. "घसरलं. छातीशी दाबून धरलो म्हणून वाचलं. आता उजव्या हातानं करतो. पर ती पूजा न्हाई. नुसतं हालवाहालव हाय."

"चाचांना सांगितलं का?"

"काय सांगू? त्यानं माझा हात दिला मला. नांगर धरतो, घागर उचलतो. आन् त्याला म्हणू, तू चुकलास?"

मला वाटलं, मी कॉलेजात शिकतो, मला कळायला पाहिजे. मी प्राणिशास्त्र घेतलं होतं. हाडांच्या आकृत्या वहीत काढल्या होत्या, त्यावर सरांची सहीसुद्धा होती. पण आम्ही शिकलो होतो तो बेडूक. बेडकाच्या पुढच्या पायात कोपराखालची दोन हाडं जुळून एकच झालेली असतात. माणसाचाही हात थोडाफार तसाच असेल अशी माझी समजूत होती. मग एकच हाड असेल आणि ते जुळलं असेल, तर तळवा का वळत नाही, हे काही केल्या उमगेना.

सुट्टी संपल्यावर बिदरला गेलो. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात काचेच्या कपाटात माणसाचा सांगाडा टांगलेला होता. तिथल्या शिपाईमामांना मी भीत भीत विचारलं, त्याचा हात धरून बघू का. ते म्हणाले, "धर की. त्यो काय सोडवून घ्यायलाय?" मी सांगाड्याचा डावा हात धरला आणि तळवा वर केला. मग खाली केला. पुन्हा वर केला. कोपराखाली दोन हाडं होती. तळवा वर असताना ती शेजारी शेजारी उभी असत. खाली करताना अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडावरून पलीकडं लोळत जाई. करंगळीकडचं जागचं हलत नसे. मनगटापाशी दोघांचा एक लहानसा सांधा होता, उखळीच्या काठावर मुसळ टेकवावं तसा. इतकी वर्षं तळहात वर-खाली करत आलो आणि आत हे चाललेलं असतं हे मला ठाऊक नव्हतं. शिपाईमामांनी शेवटी विचारलं, "शेकहँड झाला असंल तर कपाट लावू का?"

अप्पांचा उंचवटा करंगळीकडं होता. हात वाकडा झाला होता अंगठ्याच्या बाजूनं, तेव्हा मोडलं होतं अंगठ्याकडचं हाड. म्हणजे न मोडलेल्या हाडाचं टोक त्या सांध्यातून उठलं असणार. मला एवढंच कळलं. त्यावर उपाय काय, ते कळलं नाही.

परीक्षा संपल्यावर मी गावी येऊन थेट चाचांकडं गेलो. ते दारात बसून कामट्या तासत होते. काय आणि कसं सांगावं याची मी वाटेत जुळवाजुळव केली होती. ती सगळी विसरलो आणि नुसतं म्हणालो, "चाचा, अप्पांचा तळवा वर होत नाही. पूजेला अडतंय."

त्यांनी कामटी खाली ठेवली. उठून माझ्याबरोबर घरी आले. अप्पांना म्हणाले, "अण्णा, हाथ ऐसे करो," आणि स्वतःचे दोन्ही तळवे वर करून दाखवले. अप्पांनी केलं. डावा अर्ध्यात थांबला. चाचा आपल्याच उघड्या तळव्यांकडं बघत राहिले.

"मैं रोज दुवा के वास्ते दोनों हाथ ऐसे उठातूं," ते हळू म्हणाले. "और तुमना ऐसा करो बोलना याद नै आया."

"घागर उचलतो की मी," अप्पा म्हणाले.

"घडा तो गधा बी उठाता." चाचा खाली बसले. "हड्डी जोडा मैं. जोड कू देख्याच नै."

पुढं मला खरं तर अशी भीती होती की ते रागावतील, किंवा हात पुन्हा मोडून बसवू म्हणतील. तसं करणारी माणसं होती. चाचा म्हणाले, हे माझं काम नाही, गुलबर्ग्याला मोठ्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवू. आणि मी सोबत येतो.

आम्ही तिघं पहाटेच्या बसनं निघालो, हुमनाबादला गाडी बदलली. बसमध्ये मी चाचांना म्हणालो, "तिथं तुम्ही आमचे शेजारी म्हणून सांगू या. हात कुणी बांधला ते नको." त्यांनी खिडकीबाहेर बघत उत्तर दिलं, "कालेजवाले, तुम नको बोलो. मैं बोलतूं."

डॉक्टर तरुण होते, खालच्या म्हैसूरकडचे, कन्नड बोलणारे. अप्पांना कन्नड येतं, चाचांना कळतं. त्यांनी हाताचा फोटो काढायला लावला आणि तो ओला असतानाच उजेडाकडं धरला. विचारलं, "हा हात कुणी बसवला?" मी खाली बघितलं. चाचा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मी."

डॉक्टरांनी फोटो पुन्हा उजेडाकडं धरला. मग म्हणाले, "हाड सरळ जुळलंय. थोडं आखूड झालंय, पण सरळ आहे. इकडं या." त्यांनी चाचांचं बोट धरलं आणि अप्पांच्या मनगटाच्या उंचवट्यावर ठेवलं. दाबायला लावलं. टोक खाली गेलं आणि सोडल्यावर पुन्हा वर आलं. "हे मोडलेलं नाही, म्हणून तुमचं लक्ष गेलं नाही. पण एक हाड मोडून आखूड झालं की शेजारचं जागेवरून उठतं. हाड मोडलं की त्याच्या वरचा सांधा बघायचा, खालचा सांधा बघायचा, मग हाड बघायचं." चाचांनी ते वाक्य स्वतःशी पुटपुटलं. डॉक्टरांनी ते ऐकलं आणि पुन्हा एकदा सावकाश सांगितलं.

मीही धीर करून माझं बेडकाचं सांगितलं. डॉक्टर हसले. "बेडकाला हात पसरून कुणाकडं काही मागायचं नसतं," म्हणाले. "त्याला उडी मारून पडायचं असतं. त्याचं एकच हाड बरं."

मग त्यांनी अप्पांना समजावलं. पहिल्या आठवड्यात आला असतात तर मोडलेलं हाड पट्टी आणि स्क्रूनं धरलं असतं, सांधा बसवला असता आणि तळवा वर ठेवून सहा आठवडे प्लास्टर घातलं असतं. आता उशीर झालाय. सांध्यातलं बांधून धरणारं सगळं फाटलंय आणि तसंच आखडलंय. आता करायचं म्हणजे करंगळीकडच्या हाडाचं टोक थोडं कापून काढायचं. अडथळा गेला की तळवा वळेल. पुरता वळेल असं वचन देत नाही. आणि त्या हातात पहिल्यासारखा जोर राहणार नाही.

"म्हणजे घागर?" मी विचारलं.

"उचलतील. पण पोतं उचलताना जाणवेल." डॉक्टर अप्पांकडं वळले. "तुम्ही शेतकरी माणूस. हाताला जोर आहे, दुखत नाही, कामं होतात. कशाला कापून घेता? डावा तळवा वर करायची वेळ माणसावर येतेच किती?"

 अनोळखी माणसाला हे सांगणं अप्पांना जड जात होतं. मी सांगू का म्हणून तोंड उघडलं, तर चाचांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. अप्पांनी उजव्या हातानं सदऱ्याची वरची गुंडी काढली, गळ्यातली डबी बाहेर काढली आणि न वळणारा डावा हात तिच्याखाली धरून दाखवला. डबी तिरक्या तळव्यावर टेकली, घसरली आणि दोऱ्यावर लोंबायला लागली.

डॉक्टरांनी ती डबी ओळखली. म्हणाले, "गुरुवारी करू."

ऑपरेशन झालं. तीन आठवड्यांनी पट्टी सुटली तेव्हा अप्पांचा हात वाळलेल्या शेंगेसारखा दिसत होता. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. कोपर बरगडीला चिकटवायचं, मुठीत हातभर काठी धरायची आणि ती काठी सावकाश बाहेर पाडायची, मग आत. दिवसातून चार वेळा. हे काम चाचांनी आपल्याकडं घेतलं. मी पाहिलं आहे, ऐन उन्हाळ्यात ते डोक्यावर ओलं फडकं टाकून यायचे, गरम पाण्याचं फडकं मनगटावर ठेवायचे आणि समोर बसायचे. अप्पा खांदा वाकवून काठी जास्त पाडायचे. चाचांनी एक टॉवेल घेतला आणि कोपर छातीशी बांधूनच टाकलं.

"चोरी नको, अण्णा. खांदा नै वळाना. हाथ वळाव."

"दुखायलंय रं."

"रो लेव. कोई नै देख रहा."

"तू बघायलास की," अप्पा म्हणाले आणि दोघंही हसले. पडल्यापासून अप्पांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

माझ्याकडं कंपासपेटीतला कोनमापक होता. कॉलेज सुरू झाल्यावर मी दर शनिवारी गावी यायचो, तो काठीशेजारी धरायचो आणि आकडा वहीत लिहायचो. चाळीस, पंचेचाळीस, मग दोन शनिवार पंचेचाळीसच. त्या दुसऱ्या शनिवारी मी आकडा सांगितला आणि अप्पांचा चेहरा उतरला. चाचांनी माझ्या हातातून कोनमापक घेतला, उलटसुलट करून पाहिला, परत दिला. मग अव्वाकडून एक लिंबू मागून घेतलं आणि अप्पांच्या तळव्यावर ठेवलं. लिंबू घरंगळून खाली पडलं. "जिस दिन ये नै गिरा, उस दिन," ते म्हणाले. तेव्हापासून मी आकडे मनातच ठेवले. चाचांच्या लिंबाला अप्पा घाबरत नव्हते. उलट ते पडलं की स्वतः उचलून पुन्हा ठेवायचे.

त्याच पावसाळ्यात एक गोष्ट झाली. शेजारच्या तांड्यावरची एक बाई मनगट धरून चाचांकडं आली. विहिरीच्या पायरीवर घसरली होती. मी तिथंच होतो. चाचांनी आधी कोपर चाचपलं, मग मनगट, करंगळीकडच्या टोकावर बोट ठेवून थांबले. दाबलं, सोडलं. टोक वर आलं. त्यांनी लेप कालवला नाही. दोन कामट्या नुसत्या आधाराला बांधल्या आणि तिच्या भावाला म्हणाले, आजच्या गाडीनं गुलबर्ग्याला जा. मला म्हणाले, "कालेजवाले, डाक्टरसाब कू कन्नड में चिठ्ठी लिखो. हड्डी बी टूटी, जोड बी सरका. मैं हाथ नै लगाया." मी लिहिली. खाली त्यांनी अंगठा उठवला. चाळीस वर्षं ज्या हातांवर लोकांचा विश्वास होता, ते हात लावलेच नाहीत असं लिहून द्यायला सांगताना त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. त्यानंतर त्यांच्या परीक्षेत घागरीच्याही आधी एक गोष्ट आली. बाई असो, बुवा असो, कुठल्याही जातीचा असो, चाचा आधी म्हणायचे, "दोनों हाथ उपर वाले के सामने करो."

श्रावणातल्या एका रविवारी लिंबू पडलं नाही. तळवा पुरता सपाट नव्हता. अंगठ्याकडची बाजू जराशी उंच होती. पण लिंबू करंगळीच्या मुळाशी जाऊन टेकलं आणि तिथंच राहिलं. चाचांनी मनात काहीतरी मोजलं, मग लिंबू उचलून खिशात घातलं. "बस, अण्णा," म्हणाले आणि घरी गेले. मी कोनमापक काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मला सकाळच्या गाडीनं कॉलेजला जायचं होतं. मी पिशवी भरून बसलो होतो. अप्पा आंघोळ करून आले, विभूती लावली, भिंतीकडं तोंड करून बसले. डबीचं झाकण उघडल्याचा बारीक आवाज आला. अव्वा चुलीपुढं होती, तिचा भाकरी थापणारा हात थांबला. मला अप्पांची फक्त पाठ दिसत होती. डावं कोपर बरगडीला चिकटलेलं होतं, टॉवेल न बांधताही. खांदा सरळ होता. बराच वेळ काहीच हललं नाही.

मग त्यांचा उजवा हात बाजूच्या ताटलीकडं आला, बेलाचं पान घेतलं आणि पुढं गेला.

अव्वानं भाकरी तव्यावर टाकली. गाडीची वेळ होऊन गेली होती, तरी मी तसाच बसून राहिलो.